दगडाचे पाणी

पाटा झिजून गुळगुळीत झाला की निकामी होतो, आणि ओटा झिजून खडबडीत झाला की निकामी होतो. एकाच स्वयंपाकघरातल्या दोन दगडांचा स्वभाव असा उफराटा. माझ्या लहानपणी उचगावात दुपारच्या वेळी ‘टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ’ अशी आरोळी आली, की आई पाटा ओढत अंगणात काढी. टाकीवाली बाई हातोडी आणि छिन्नी घेऊन उकिडवी बसे आणि बघता बघता त्या गुळगुळीत काळ्या दगडावर देवीच्या व्रणांसारखे बारीक बारीक खड्डे उठवी. मोबदला म्हणून ओंजळभर जोंधळे आणि वर काही नाणी. पाटा पुन्हा ‘तिखट’ होई. हा शब्द आईचा. मसाला तिखट व्हायचा तर आधी पाटा तिखट हवा, असे तिचे शास्त्र होते.

मिक्सर आले आणि ती आरोळी बंद झाली. आमचा पाटा परसात नळाखाली गेला. त्यावर आता कपडे आपटतात. आता गल्लोगल्ली दुसरीच माणसे फिरतात. ती हाक मारीत नाहीत. त्यांच्या स्कूटरला मागे पाटी असते आणि पाटीवर मोबाइलच्या नंबराखाली लिहिलेले असते : ‘ओटा, फरशी, मार्बल पॉलिश करून मिळेल.’ मी चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे अशा पाट्यांची अक्षरे आधी बघतो आणि मजकूर मागाहून वाचतो. एकदा वर्गातल्या एका पोराने मला गंभीरपणे विचारले होते, “सर, वळिवड्याला राहत होते म्हणतात ते पॉलिश लोक हाच धंदा करायचे काय?” दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित 1943 ते 1948 या काळात आमच्या शेजारच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. ते गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर उभे राहिले. हे सगळे मी त्या पोराला सांगितले. पण त्याचा प्रश्न मला इतका आवडला होता की उत्तर देताना मलाच वाईट वाटत होते.

आपल्या साध्या घरांतून दगड येतो तो मात्र पोलंडइतक्या लांबून नाही. पायाखालची शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. हाताखालचा काळा कडाप्पा आंध्रातल्या कडप्प्याचा. गावाचे नाव दगडाला चिकटले आणि आपण मधला ‘प्पा’ थोडा लांबवला. चार पैसे बरे असतील तर ग्रॅनाइट. त्यातला लालसर पाहिलात तर तो बहुधा इलकलचा, म्हणजे जिथून आमच्या आज्यांची इरकली लुगडी आली त्याच गावचा. आणि काळ्यावर सोनेरी ठिपके चमकणारा आंध्रातल्या चिमकुर्तीचा. आमच्या कोल्हापूरचा स्वतःचा दगड काळा बेसाल्ट. अंबाबाईचे देऊळ त्याचे, घराची जोती त्याची, पाटा-वरवंटाही त्याचाच. पण तो ओट्याला कुणी घालीत नाही. जो पातळ चिरत नाही तो दगड ओट्याच्या कामाचा नव्हे. आणि कडाप्पा-शहाबाद तर खाणीतूनच थराथरांनी, वहीच्या पानांसारखे सुटतात.

आमच्या घरातला कडाप्प्याचा ओटा वडिलांनी 1994 साली घातला. तोवर आई चुलीपुढे, मग स्टोव्हपुढे, बसूनच स्वयंपाक करीत होती. गवंड्याने तिला भिंतीशी उभे केले, कोपरात हात दुमडायला लावला आणि कोपराच्या चार बोटे खाली कोळशाने रेघ मारली. तीच ओट्याची उंची. आई अंगाने ठेंगणी, त्यामुळे ओटाही ठेंगणा झाला. पहिल्या दिवशी उभ्याने भाकरी थापताना तिला इतके लाजल्यासारखे झाले, की तिने स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले होते.

वडील एका फौंड्रीत फेटलिंगच्या खात्यात होते. ओतीव काम साच्यातून निघाले, की त्याला चिकटलेली वाळू आणि कडेला आलेली पात ग्राइंडरने काढायची, हे त्यांचे काम. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवया पांढुरक्या झालेल्या असत. तोंडाला रुमाल बांधून काम करीत. तो रुमाल आई वेगळा धुवी. चाळिशी उलटली आणि त्यांना खोकला जडला. एका डॉक्टरांनी तो क्षय ठरवला, औषधे चालू केली, महिने गेले. पुढे दुसऱ्या एकांनी एक्स-रे उजेडापुढे धरून सांगितले, की ही वाळूची धूळ आहे, ती आता निघायची नाही. त्यानंतर वडील सहा वर्षे होते. शेवटची दोन वर्षे ते ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसून झोपत. आडवे झाले की श्वास लागे. दगड गार असतो, बरे वाटते, म्हणत. 2009 साली ते गेले.

एवढे सांगितल्यावर ओट्याची अवस्था सांगणे सोपे आहे. दर्शनी कडेला तीन ठिकाणी टवके उडाले होते, ते नारळांचे. (नारळ ओट्याच्या कडेवर फोडू नये, त्याला परसातला दगड असतो, हे आई सगळ्यांना सांगे आणि स्वतः ओट्याच्या कडेवर फोडी.) शेगडीच्या बाजूला तेलाचा हातभर डाग मुरला होता. सिंकच्या कोपऱ्यापासून एक चीर निघाली होती. फरशी कापून जिथे चौकोनी कोपरा करतात तिथेच ती कमजोर असते, चीर जन्मते ती तिथे. आणि मधल्या भागात सगळीकडे फिकट, आंधळे चट्टे. ते लिंबाचे, चिंचेचे, आमसुलाचे. कडाप्पा हा जातीने चुनखडक आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत चुनखडीवर आम्लाचा थेंब पडला की फसफसते, तेच आपल्या ओट्यावर कापलेल्या लिंबाची फोड पालथी पडली की अगदी सावकाश, आवाज न करता घडते. तो डाग नसतोच. तेवढा दगड खाल्लेला असतो. म्हणून तो घासून जात नाही, उलट घासणीने वाढतो. ग्रॅनाइटला लिंबू असे बाधत नाही. आईचा उपाय जुना होता : चार-आठ दिवसांनी खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. दोन दिवस ओटा काळाभोर दिसे, मग धूळ धरी आणि आणखी म्हातारा दिसे.

माझ्या पत्नीची तक्रार मात्र डागांविषयी नव्हती. तिची कुठलीच तक्रार नव्हती, हीच अडचण होती. ती आईपेक्षा वीतभराहून उंच. लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्या ओट्यापुढे वाकून उभी होती. अठरा वर्षांनी तिच्या कमरेने दगा दिला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात ओटा केवढ्या उंचीचा आहे?” तिने आईकडे पाहिले नाही, पण आईने तिच्याकडे पाहिले.

मग मी हायवेच्या बाजूला एका फरशीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मोबाइलवरचा आमच्या ओट्याचा फोटो बोटाने मोठा केला, पुन्हा बारीक केला आणि म्हणाला, “काढून टाका. पांढरा क्वार्ट्झ घ्या. डाग नाही, चट्टा नाही.” नमुन्याचा तुकडा सुरेख होता, साखरेच्या पाकासारखा. हा क्वार्ट्झ म्हणजे खाणीतला दगड नव्हे. गारेची भुकटी राळेत घट्ट दाबून केलेली ती फरशी. तिच्यात दर शंभर भागांत नव्वदाच्या वर गार असू शकते. फरशी घरात बसल्यावर कुणाचे काही बिघडवीत नाही. ती कापताना, घासताना जी धूळ उडते ती डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक असते, आणि छातीत गेली की बसते. तरुण तरुण कारागीर काही वर्षांतच दम्यासारखे धापू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून ती फरशी बनवणे, पुरवणे आणि बसवणे बंद केले. आपल्याकडे हा रोग नवा नाही. खंबायतचे अकीक घासणारे, पाटीच्या खाणीतले मजूर पिढ्यान् पिढ्या यानेच खंगले. वडिलांच्या एक्स-रेमध्ये जे होते ते हेच. मी नमुन्याचा तुकडा परत ठेवला. दुकानदाराला वाटले, मला भाव परवडला नाही.

घरी आल्यावर आईनेच विषय काढला. तिने माझे काही ऐकण्याआधी निकाल दिला. “फरशी मोडू नगा. उचला, खाली विटा घाला, आणि तिच्या मापानं बसवा. मला आता किती दिस उभं ऱ्हायचंय?” पत्नी म्हणाली, “आत्ती, जुना दगड उचलताना फुटला तर?” त्यावर आई म्हणाली, “फुटला तर जोडायचा. अंबाबाईला न्हाई का केलं?”

कोल्हापूरच्या माणसाच्या बोलण्यात कुठेही अंबाबाई येते, तशी ती इथेही आली. पण दाखला चुकीचा नव्हता. शतकानुशतकांच्या अभिषेकांनी मूर्ती झिजली म्हणून 1955 साली वज्रलेप झाला होता, आणि 2015 च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी संवर्धन केले. त्या काळात कोल्हापुरात चहाच्या गाड्यावरसुद्धा दगडाच्या झिजेवर वाद चालत. देवाच्या दगडाला माणसाने हात लावावा का, लावला तर कितपत, मूळ किती आणि भर किती. ज्यांनी जन्मात पाटा धुतला नव्हता तेही तावातावाने बोलत.

मी ज्या कारागिराला बोलावले तो माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याची चित्रकला यथातथाच होती, पण कंपास न वापरता वर्तुळ काढी, एवढे मला आठवत होते. तो नवरात्राच्या आधी दोन पोरांना घेऊन आला. पहारीने हळूहळू ठोकत, सांध्यात लाकडी पाचरी सारत त्यांनी मोठी फरशी सुटी केली. उचलताना तिने एक बारीक आवाज केला आणि एका जुन्या पांढऱ्या शिरेवरून ती दुभंगली. आम्ही सगळे गप्प झालो. तो मात्र खाली बसला, दोन्ही तुकड्यांच्या कडा बोटाने चाचपल्या आणि म्हणाला, “सर, सरळ फुटलीया. ह्येच्यापरीस चांगली फुटायची न्हाई.”

जोडकामात मी दिवसभर रमलो, हे कबूल करायला हवे. जोडायच्या कडा आधी ब्रशाने आणि मग द्रावणाने पुसून तेल-धुळीचा अंश काढायचा, नाहीतर राळ धरत नाही. मग दोन नळ्यांतली राळ आणि तिचा घट्टक सारख्या मापाने कालवायचे. त्यात त्याने कडाप्प्याच्याच तुकड्याची वस्त्रगाळ पूड आणि चिमूटभर काळा रंग घातला. बाजारचा काळा रंग एकटा घातला तर जोड शाईच्या रेघेसारखा उठून दिसतो. त्याच दगडाची पूड घातली तर राळ दगडाचा सूर धरते. (रंग कालवताना शेजारचाच रंग थोडा मिसळावा, हे मी त्याला सातवीत शिकवले होते. त्याला ते आठवत नव्हते.) नारळाच्या टवक्यांतही तेच भरले, जरा वर राहील असे; वाळल्यावर घासून कडेशी समतल करायचे. तेलाच्या डागावर खडूची भुकटी द्रावणात कालवून भाकरीच्या जाडीचा लेप दिला, वर प्लास्टिक ताणून चिकटवले आणि रात्रभर ठेवले. लेप वाळता वाळता दगडातले तेल वर ओढून घेतो. सकाळी लेप पिवळा पडला होता आणि डाग निम्मा गेला होता. दुसऱ्या रात्री पुन्हा लेप. मग तो कुठे होता हे सांगावे लागत होते.

विटांचे दोन थर चढले, फरशी नव्या उंचीवर बसली, आणि घासायचे काम निघाले. त्याने तोंडाला रुमाल बांधला, हातातला ग्राइंडर चालू केला. दोन मिनिटांत स्वयंपाकघर पांढरे झाले. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत धूळ उभी राहिली. आई दारात आली. तिचा आवाज मशीनपुढे ऐकू जाईना, तेव्हा तिने भिंतीजवळ जाऊन बटणच बंद केले.

“काय झालं, आज्जी?”

“पाणी मारून कर.”

“आज्जी, रुमाल बांधलाय की.”

“रुमाल त्येनीबी बांधला व्हता,” आई म्हणाली.

त्याला काही कळले नाही. मी त्याला बाहेर नेऊन सांगितले. तो बराच वेळ स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, “सर, पाण्याचं मशीन हाय माझ्याकडं. घरात पडून हाय. गिऱ्हाइकाला नको असतंय. चिखल उडतोय, कपाटं खराब हुत्यात म्हणत्यात. कोरडं केलं की दोन तासांत काम, झाडून घेतलं की झालं.” आणि जरा थांबून : “मलाबी सकाळी उठल्यावर जरा खोकला येतोय. पर त्यो सगळ्यांनाच येतोय.”

खरे पाहता कडाप्पा चुनखडकाच्या जातीचा असल्याने त्याच्या धुळीत गार थोडी. ग्रॅनाइटमध्ये ती बरीच असते, त्या पांढऱ्या क्वार्ट्झमध्ये सर्वांत अधिक. हे मला ठाऊक होते; मी ते आईला सांगितले नाही. तो काही रोज कडाप्पाच घासत नव्हता.

तासाभराने तो पाण्याचे मशीन घेऊन आला. त्याच्या मधोमध नळी असते. तीतून पाणी थेट घासपट्टीखाली येते आणि धुळीचा तिथल्या तिथे काळा राडा होतो. विजेचे आणि पाण्याचे वैर म्हणून वीज गळताच ती तोडणारे बटण लावलेले. पाण्याचा कॅन त्याने माळ्याच्या कडेला ठेवला. तो भरीत राहण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले. चेंबरात राडा जाऊ नये म्हणून तिने सिंकच्या तोंडाशी फडके कोंबले आणि माझ्याकडून बादल्या उपसून घेतल्या. असला राडा पाइपात बसला की सिमेंटसारखा धरतो. पाणी आले तरी तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही. मी औषधाच्या दुकानातून बारीक धूळ अडवणारे चांगले मुखवटे आणले. ते त्याने आणि पोरांनी जरा लाजत लावले.

घासपट्ट्यांवर आकडे असतात : 50, 100, 200, 400, 800, 1500, 3000. आकडा वाढेल तसा कण बारीक. प्रत्येक पट्टीचे काम एकच, आपल्या आधीच्या पट्टीने पाडलेले ओरखडे पुसायचे आणि स्वतःचे त्याहून बारीक ओरखडे ठेवून जायचे. कुणी घाई करून 100 वरून एकदम 800 वर उडी मारली, तर त्या वेळी काही दिसत नाही. दिसते ते शेवटी, सगळी चमक आल्यावर तिच्या आतून. आणि या पट्ट्यांत असते काय, तर हिऱ्याची भुकटी. आधी हे काम कार्बोरंडमच्या बट्ट्यांनी चाले. 1954 च्या डिसेंबरात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत माणसाने हिरा तयार केला आणि पुढे तो इतका स्वस्त झाला, की उचगावातल्या पत्र्याच्या डब्यात येऊन बसला. हे मी आईला समजावून सांगितले. ती कॅन भरता भरता म्हणाली, “जन्मात हिरा बघितला न्हवता. आला त्यो दगड घासायला आला.”

400 च्या पट्टीपर्यंत ओटा नुसता करडा, पाटीसारखा. मला वाटले, फसले. 800 नंतर तो खालून काळा होऊ लागला. काही चढवल्यासारखा नव्हे. वरचे काही निघून गेल्यासारखा. आमच्याकडे मोत्याला पाणी असते, तलवारीला पाणी असते, घोडासुद्धा पाणीदार असतो. दगडालाही असते. कडाप्प्याला ग्रॅनाइटसारखी आरशाची चमक येत नाही, त्याने तसा प्रयत्न करूही नये. पण तुळशीच्या काळ्या मातीवर पाणी घातल्यावर येते तशी ओली, शांत चमक येते. लिंबाचे चट्टे गेले. जोड कुठे आहे हे खिडकीच्या बाजूने वाकून पाहिले तरच दिसते; तिरप्या उजेडात ती पांढरी शीर आणि तिच्या बाजूने जाणारी बारीक काळी रेघ. शेवटी त्याने मुरणारे रोधक लावून वरचे पुसून घेतले आणि आईला ताकीद दिली, खोबरेल लावायचे नाही. आईने हो म्हटले. ती पाळील असे नाही.

ओटा आता पत्नीच्या कोपराच्या चार बोटे खाली आहे. तिची कमर पूर्ण बरी नाही, पण संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसत नाही. आईला शेगडीवरच्या भांड्यात काय आहे ते दिसत नाही. पहिले आठ दिवस तिने स्वयंपाकघरात जाणेच सोडले आणि आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. मग एका पहाटे खुडबुड ऐकू आली. पत्नी उठून गेली. आईने देवघरातला जेवणाचा जुना पाट ओट्यापुढे ठेवला होता, त्यावर उभी राहून चहा करीत होती. पत्नीने पाटाखाली सरकू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे ठोकून घेतले. तेव्हापासून पहाटेचा चहा आईचा. पाट दिवसभर ओट्याखाली असतो.

दिवाळीत तो कारागीर फराळाला आला. चकली खाता खाता म्हणाला, “सर, एक बोर्ड लिहून द्या.” मी लिहून दिला. बऱ्याच वर्षांनी ब्रश धरून पत्र्यावर अक्षरे काढली. ‘ओटा, फरशी, मार्बल पॉलिश’ काळ्यात, आणि खाली निळ्यात, ‘फक्त पाणी मारून’. तो बोर्ड त्याच्या स्कूटरला आहे. परवा तावडे हॉटेलच्या चौकात भेटला तेव्हा मी विचारले, काही फरक पडला का. म्हणाला, “बोर्ड बघून चार फोन आले. दोघांनी काम दिलं. एकानं परत केलाच न्हाई. चौथा म्हणतोय, पाणी न मारता किती कमी घेशीला?”

“मग काय सांगितलंस?”

“डबल सांगितलं,” तो म्हणाला आणि सिग्नल सुटला.